विहिरीची तिसरी पायरी

मार्गशीर्षातली थंडी नांदेडात उतरली की भाजीवाल्यांच्या गाड्या एकदम हिरव्यागार होतात. तुरीच्या ओल्या शेंगा, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे ढाळे, चाकवत, मेथी, कांद्याची पात. मी प्रत्येकातलं थोडंथोडं पिशवीत टाकत जाते. आमची नेहमीची भाजीवाली ते बघून विचारते, "येळवस आली का ताई? उदगीरला चालल्या का?" मी हो म्हणते. तोंडाला पाणी सुटलेलं असतं, आणि त्या पाण्यासोबतच राग येतो. इतक्या वर्षांत त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

येळवस म्हणजे पंचांगातली वेळा अमावस्या. लातूर-उदगीरकडे त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. दुकानांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि उभ्या पिकाभोवती अंबील शिंपडत मोडक्या कानडीतली एक आरोळी ठोकत फिरायचं. त्या आरोळीचा अर्थ आमच्यात कुणालाच कळत नाही, तरी आवाज मात्र सगळ्यांचा मोठा असतो. मग जेवण. ज्यांची शेती नाही अशा ओळखीपाळखीच्या लोकांना हाताला धरून नेऊन जेवू घालायचं. आणि त्या जेवणात मुख्य असते भज्जी. तळलेली भजी नव्हेत. सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे, सगळ्या पालेभाज्या, आंबट ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ आणि भरपूर लसूण घालून मोठ्या पातेल्यात तासन् तास रटरटत ठेवलेली ती दाट, आंबटसर गोष्ट. बाजरीच्या वाफवलेल्या गोळ्यावर, म्हणजे उंड्यावर, ती ओतायची आणि बोटांनी खायची. चमच्यानं भज्जी खाणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

मी सांगते आहे ती येळवस दुष्काळातली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी कुठलंही सरकारी काम निघालं की उस्मानाबादेला जावं लागे. आता मोटारीत बसलं की लातूर, आणि दिवेलागणीला घरी. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं आडत दुकान होतं आणि दुकानामागेच घर. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, ते दर दोन दिवसांनी कपाळाला विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून "जिल्ह्याला जाऊन येतो" म्हणून निघायचे. हे वाक्य म्हणताना त्यांची छाती थोडी फुगायची. दुकानात बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी जिल्हाच होता. जिल्हा झाला, आता रस्ता होणार, दवाखाना होणार, पाणी येणार. पाणी तेवढं येत नव्हतं. मृग कोरडा गेला होता, हस्तानंही तोंड फिरवलं होतं. मोंढ्यात धान्याच्या थप्प्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि धान्य चाळणाऱ्या बाया रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या होत्या.

बाहेर दुष्काळ पडला की घरातल्या बायकांत एक शर्यत सुरू होते. कमी खाण्याची. कुणी ती जाहीर करत नाही, पण सगळ्या धावत असतात. आधी पुरुष जेवायचे, मग आम्ही मुलं, मग बायका. एरवीही असंच होतं. फरक एवढाच की त्या वर्षी बायकांची पाळी येईपर्यंत टोपलीत भाकरी मोजक्याच उरायच्या. मग सुरू व्हायचं. "मला भूकच न्हाई बाई आज." "माझं तर सकाळचंच अजून वर आलंय." माझी आई अर्धी भाकरी घेऊन तिच्यातला चतकोर परत टोपलीत टाकायची आणि दुसऱ्या बाईनं ते पाहिलं की नाही हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. जी सगळ्यात कमी खाई ती सगळ्यात मोठी. मी बारा वर्षांची होते. त्याच वर्षी मलाही मुलांच्या पंगतीतून उठवून बायकांच्या पंगतीत बसवलं गेलं, आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की इथे पोट भरायला बसायचं नसतं.

या शर्यतीत एकच बाई धावत नव्हती. नंदाकाकू. धाकट्या काकांची बायको, नाव महानंदा, नायगावकडची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. अंगानं भरलेली, हसताना अख्खं अंग हलायचं. तिला जेवायला आवडायचं, आणि ही गोष्ट ती लपवत नव्हती. तेवढाच तिचा गुन्हा. भाकरी तव्यावरून उतरली की तिचा पापुद्रा उचलून त्यात ठेचा भरायची, वरून तेल सोडायची आणि डोळे मिटून खायची. खाताना तोंडातून "हं" असा एक आवाज यायचा. तो आवाज मला फार आवडायचा. जेवण झाल्यावर आमच्या घरातल्या बायका तोंड पुसून असं काही उठायच्या की जणू दुसऱ्याच कुणी जेवलं. नंदाकाकू मात्र हात चाटून म्हणायची, "लई भारी झालतं गं!"

अप्पांच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणायचो. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे घर तिच्या हातात होतं. वाळकी, ताठ, बोलणं कमी. सोमवार, प्रदोष, शिवरात्र, श्रावण अख्खा. तिच्या उपवासांना अंत नव्हता आणि उपवासाच्या दिवशी तिचा चेहरा इतर दिवसांपेक्षा तजेलदार दिसायचा. ती नंदाकाकूला कधी ओरडली नाही. फक्त काकूचा तो "हं" ऐकू आला की हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहायची. एकदा माझ्या आईला म्हणाली, "बाईच्या जातीला इतकी चव नसावी. घराला बाधती." काकू तिथेच बसली होती. तिनं घास गिळला आणि शांतपणे विचारलं, "मोठीमाय, चव घराला बाधती का भूक बाधती?" आई भांडी घासायला पळाली. मला हसू आलं होतं. मोठीमायच्या चेहऱ्यावर मात्र काहीच उमटलं नाही. ती गोष्ट मनात धरून ठेवणारी बाई होती.

मग येळवस आली. शेतात पीक नव्हतं. ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडली होती. पण पीक नाही म्हणून येळवस चुकवली तर पुढचं वर्षही हातचं जातं, अशी समजूत. त्यामुळे कुठून कुठून शेंगा-भाज्या गोळा केल्या आणि भज्जी झाली. ती करायची नंदाकाकूनंच, कारण तिच्या हातची भज्जी आदल्या वर्षी सगळ्यांनी पाहिली होती. पाहुणे भांड्यात बोटं फिरवत बसले होते. त्या वर्षी ताकाची चणचण म्हणून तिनं चिंच वापरली, लसूण दुप्पट घातला. डोक्यावर पाटी घेऊन आम्ही शेतात निघालो तेव्हा पाटीवर झाकलेल्या घोंगडीतून बाहेर येणाऱ्या त्या वासानं मला चालता येत नव्हतं. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "शोभे, आज मी चार उंडे खानार हाय बघ. कुनी काय बी म्हनू दे."

पूजा झाली. पानं मांडायला घेतली. तेवढ्यात मोठीमाय खोपीसमोर उभी राहिली आणि घरातल्या बायकांना तिनं ओळीनं बसवलं. म्हणाली, "विहिरीनं तळ दावलाय. आता देवाला आपला लाडका घास द्यायचा. ज्या बाईला जे मनापासून आवडतं ते तिनं आज सोडायचं. विहिरीच्या तिसऱ्या पायरीला पानी लागंल त्या दिशी मी माझ्या हातानं घास भरवीन, तवर न्हाई."

आमची विहीर दगडी, आत उतरायला पायऱ्या. वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की वर्ष सुखाचं, हा आमच्याकडचा जुना अंदाज होता. म्हणजे मागणी काही अवघड नव्हती. एक पावसाळा बरा झाला की सुटका.

मोठीमायनं पहिलं स्वतःचं सांगितलं: चहा. तिला पित्ताचा त्रास होता, चहा तिनं कित्येक महिन्यांपासून घेतलेलाच नव्हता. माझी आई जराही न अडखळता म्हणाली, "फणस." उदगीरच्या बाजारात फणस मी आजवर पाहिलेला नाही. शेजारच्या घरची एक चुलती आली होती, तिनं कारलं सोडलं. सगळ्यांची तोंडं गंभीर, डोळे मिटलेले, हात जोडलेले. ही रीत आमच्याकडच्या बायकांना आईच्या दुधासोबत मिळालेली होती: देवाला द्यायचं, पण आपल्या पानातलं काही जाणार नाही असं बघून द्यायचं. शतकानुशतकं पोट मारत आलेल्या बायकांनी शोधून काढलेली ती एक पळवाट होती. मी त्यांना हसत नाही. फक्त नायगावकडून आलेल्या मुलीला ती कुणी दाखवली नव्हती.

नंदाकाकूची पाळी आली. तिनं विचार केला. खरोखरच विचार केला, हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून दिसत होतं. मोठीमाय म्हणाली, "मनापासून आवडतं ते सांग हं. देवासमोर हायेस." काकूनं पातेल्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "येळवसची भज्जी."

आईनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले. काकूला आता कुणी तरी "अगं येडे, दुसरं काही सांग" म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणायचं तर स्वतःचा फणस उघडा पडला असता. मोठीमाय पुढे झाली, काकूच्या कपाळाला विभूती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धन्य हायेस बाई. खरं तुलाच जमलं." काकूच्या मागच्या उत्तराची परतफेड तिनं अशी आशीर्वादात घालून केली. मला तेव्हा हे कळलं नाही. काकूला मात्र कळलं असावं, कारण तिनं मोठीमायच्या डोळ्यांत एकदा सरळ पाहिलं होतं.

त्या दुपारी नंदाकाकूनं सगळ्यांना भज्जी वाढली. कुणाला दोनदा, कुणाला तीनदा. अप्पांनी बोटं चाटली. पाहुण्यांनी पातेलं खरवडून घेतलं. काकूनं कोरडा उंडा आणि कांदा खाल्ला. मी माझ्या पानातली भज्जी तिच्यासमोर लपवून धरली, "खा ना, कुनी बघत न्हाई." ती म्हणाली, "देवाला खोटं कसं सांगू गं? सांगून बसले ना मी." आणि पदरानं नाक पुसत हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मृगाची पहिली सर आली तेव्हा अप्पा दुकानाच्या ओट्यावर उभे होते. त्यांनीही बायकांचं बघून पान सोडलं होतं. पुरुषांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी हौसेनं सोडलेलं. सर अजून धड ओसरली नव्हती तोवर त्यांनी समोरच्या टपरीवरून पान मागवलं, तोंडात कोंबलं आणि म्हणाले, "आला बाबा पाऊस! सुटलो." विहिरीकडे बघायला कुणी गेलं नाही. गड्याचा पाऊस आभाळात मोजायचा असतो आणि बाईचा विहिरीत, हे मी त्या दिवशी शिकले.

त्याच वर्षी जिल्ह्याचा आम्हाला पहिला फायदा झाला. लातूरच्या नव्या ऑफिसात खेटे घालून अप्पांनी बोअर मंजूर करून आणला. मोठं यंत्र आलं, धडधडाट झाला, गाव बघायला जमलं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर जमिनीतून पाण्याचा फवारा उडाला तेव्हा गडीमाणसं त्यात भिजत नाचली. अप्पांनी मोंढाभर पेढे वाटले. मग शेजारच्या शेतात बोअर पडला, मग त्याच्या पलीकडच्या. आमच्या शेतात ऊस आला. आणि विहिरीचं पाणी, जे कसंबसं वर येऊ लागलं होतं, ते पुन्हा खाली जाऊ लागलं.

त्या येळवसला नंदाकाकू पोटुशी होती. तिला डोहाळे लागले होते आणि डोहाळे भज्जीचे होते. दुसरं काय असणार? डोहाळजेवणाला तिच्यापुढे ताट मांडलं त्यात काय नव्हतं! पुरणाची पोळी, शेंगाची पोळी, पाच प्रकारचे भात. बायका म्हणत होत्या, पोटुशीची इच्छा मारू नये, बाळाच्या तोंडाला लाळ सुटते. काकू म्हणाली, "मोठीमाय, पाऊस तर झाला की वो." मोठीमाय म्हणाली, "विहीर बघून ये."

काकू खरंच गेली. मला सोबत घेऊन, पोट सावरत, ढेकळं तुडवत. विहिरीच्या काठावर बसून तिनं आत वाकून पाहिलं. पाणी फार खाली होतं, हिरवं, हलत नव्हतं. पलीकडे बोअरची मोटर चालू होती आणि उसाच्या सरीतून पाणी खळखळत चाललं होतं. ती बराच वेळ एकदा विहिरीकडे आणि एकदा सरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शोभे, हे हिकडचंच पानी तिकडं चाललंय गं. ही आता कधीच भरत न्हाई." मी म्हटलं, "मग अप्पाला सांगू." ती म्हणाली, "काय सांगू? माझ्या भज्जीसाठी मोटर बंद करा म्हनू?"

तिनं धाकट्या काकांना सांगून पाहिलं. ते वाईट नव्हते. बायकोवर हात उचलणारे नव्हते, उलट तिच्या आवडीचं बाजारातून आणायचे. ते म्हणाले, "वर्षातनं एकदा खायची वस्तू. त्यासाठी कामून जीव जाळायलीस? अन् नाव बघ किती झालंय तुझं." नाव खरंच झालं होतं. गावातल्या मठात स्वामींच्या कानावर गोष्ट गेली होती. कीर्तनाला गेली की बायका तिला पुढे बसवायच्या. नव्या सुनांना दाखवायच्या: ही बघा, भज्जी स्वतःच्या हातानं करते आणि जिभेला लावत नाही. जी बाई खादाड म्हणून हिणवली जायची तिच्या पाया पडायला बायका येऊ लागल्या. भूक मारलेल्या बाईला आपल्याकडे मखर लगेच मिळतं. मखरातून खाली उतरून दोन घास खावेत म्हटलं तर मात्र उतरायला पायरी नसते.

आणि दरवर्षी भज्जी तिनंच करायची, हे तर ठरलंच. व्रताच्या हातची भज्जी! देवाला दाखवायचं अन्न रांधताना कुणीच चाखत नाही, तो काही तिचा एकटीचा नेम नव्हता. पण बाकीच्या बायका नंतर पानावर बसून ते खातात, काय कमी झालं काय जास्त झालं हे जिभेला कळतं आणि पुढच्या वेळी हात सुधारतो. काकूचा तो रस्ताच बंद होता. एकदा खारट झालं तर उपाय नाही, म्हणून मिठाला तिचा हात भीत गेला. दरवर्षी थोडं कमी, दरवर्षी थोडं कमी. ती विचारायची, "बरी झाली का?" सगळे एका सुरात, "वा! अमृत!" व्रतस्थ बाईच्या हातच्या अन्नाला नाव ठेवायचं म्हणजे पापच. शेतातल्या जेवणात पानावर मीठ वाढायची रीत आमच्याकडे आधी नव्हती. ती याच वर्षांत सुरू झाली. काकू दुसरीकडे वाढायला वळली की कागदाची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात जायची. पुढे आम्हाला त्याची इतकी सवय झाली की पुडी का आणतो हेही कुणी मनात आणेना. लग्न होऊन मी नांदेडला आले, तरी येळवसला जाताना पिशवीच्या कप्प्यात पुडी ठेवायला विसरले नाही.

माझी लेक लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. हुशार, स्वतःचं कमावणारी. परवा फोनवर सांगत होती, "आई, माझं सोळा तास फास्टिंग चालूय. गहू बंद, साखर बंद, तांदूळ तर कधीच सोडला." तिच्या सगळ्या मैत्रिणी करतात. एकीनं केकचा तुकडा खाल्ला तर बाकीच्या तिला "चीट केलंस" म्हणतात, आणि तीही दिवसभर ओशाळी होऊन फिरते. मी तिला विचारलं, "आणि भूक लागली की?" ती म्हणाली, "गरम पाणी प्यायचं." तिच्या आवाजात अगदी मोठीमायचा तजेला होता. तिच्या जगातून मठ गेला, विहीर गेली, मोठीमाय गेली. शर्यत चालूच आहे. आता बाया वजनकाट्याच्या तिसऱ्या पायरीची वाट बघतात.

हो, मोठीमाय गेली. जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात नंदाकाकूनंच तिला चमच्यानं पेज भरवली. त्या दिवसांत तरी ती काकूला सोडवेल असं मला वाटत होतं. एक शब्द पुरला असता. ती पेज प्यायची, भिंतीकडे तोंड करायची. मरणाच्या दारातही तिनं विहिरीचा विषय काढला नाही, आणि काकूनंही काढला नाही. नंतर अप्पा गेले, धाकटे काका गेले. सोडवणारं कुणी उरलं नाही आणि बांधलेली बाई तशीच.

यंदा पाऊस असा झाला की माणसं आभाळाकडे बघून हात जोडून थांब म्हणाली. सोयाबीन उभ्या जागी कुजलं, बांध वाहून गेले. आणि आमची विहीर भरली. मोठीमायचा मुलगा बसवराज आता घर आणि दुकान बघतो. त्यानं मला फोटो पाठवला, पाणी तिसरी पायरी बुडवून दुसरीवर आलेलं. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं: काकूचं व्रत फळाला आलं. पीक गेलेल्या शेताच्या मालकाला व्रत फळलेलं दिसत होतं, ही आमच्या घराची दृष्टी.

येळवसला मी उदगीरला गेले. नंदाकाकू आता साठी ओलांडलेली, वाळलेली, गुडघे धरून चालणारी. ते भरलेलं अंग कुठं गेलं कोण जाणे. भज्जी तिनंच केली होती. शेतात पोचल्यावर ती आधी विहिरीकडे गेली. मी हाताला धरलं. ती काठावर उभी राहून पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भरली की गं." एवढंच.

खोपीपाशी परतलो तेव्हा बसवराज मोबाइलवर सगळ्यांना एक चित्र दाखवत होता. "काकू, हे बघा. महाशिवरात्रीला पारणं करू. स्वामींना बोलवू, त्यांच्या हातानं पहिला घास. मोठा मांडव घालू, गावजेवण करू. हा फ्लेक्स." फ्लेक्सवर काकूचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'तपस्विनी'. "तवर एवढे दोन महिने थांबा. इतकी वर्षं थांबलात, अजून थोडं."

काकूनं चित्र नीट बघितलं. मोबाइल त्याच्या हातात परत दिला. पानं वाढून झाली होती, सगळे जेवायला बसले होते. ती पातेल्याजवळ गेली, एका पानावर उंडा घेतला, त्यावर पळीभर भज्जी ओतली आणि तिथेच मातीत मांडी घालून बसली. बसवराजची बायको सविता अर्धवट उठली, "काकू, अवो..." काकूनं घास तोंडात घातला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या "हं"ची वाट बघत होते. मला वाटतं, त्या आवाजासाठीच मी दरवर्षी नांदेडहून यायचे. काकू चावत राहिली. तिच्या कपाळावर तीच आठी आली, खोपीसमोर बसून खरं उत्तर शोधताना आली होती ती. मग ती म्हणाली, "मीठ न्हाई."

अर्धवट उठलेली सविता परत खाली बसली.

"मीठच न्हाई की गं ह्यात. पानचट हाय." तिनं दुसरा घास घेऊन पुन्हा पाहिलं. मग मान वर केली आणि तिची नजर एकेकाच्या पानावरून फिरत गेली. बसवराजच्या पानाच्या कडेला मिठाची चिमूट होती. सविताच्या होती. पाहुण्यांच्या होती. माझ्या पानाला तर कागदाची पुडीच टेकवलेली होती, उघडी.

"तुमच्या समद्यांच्या पानात हाय मीठ," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी दर साली इचारायचे. बरी झाली का म्हनून इचारायचे ना मी?"

बसवराज म्हणाला, "काकू, तुमच्या व्रताचा मान म्हणून..."

"मान," काकू म्हणाली. तिनं माझ्यासमोर हात पसरला. मी पुडी दिली. तिनं ती सगळी पातेल्यात रिकामी केली, पळीनं ढवळलं आणि पुन्हा वाढून घेतलं. आता तिनं डोळे मिटले. एक घास, दोन घास. चार उंडे खाणारी ती बाई तिसऱ्या घासाला थांबली. उरलेला उंडा तिनं हातात धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग पानावर ठेवला. "जात न्हाई आता," ती मला म्हणाली. "पोटच न्हाई ऱ्हायलं गं तेवढं." इतक्या वर्षांची ती भूक कुठल्या दिवशी मेली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मला रडू येत होतं आणि पानातली भज्जी समोर निवत होती.

थोड्या वेळानं बसवराजनं मोबाइल पुन्हा हातात घेतला. "मग काकू, ते पारण्याचं? फ्लेक्सवाल्याला काय सांगू?"

काकू हात धूत होती. म्हणाली, "काय बी सांग. पुढल्या साली भज्जी सविता करंल. मी निस्ती खायाला येईन." पदराला हात पुसत ती सविताकडे वळली. "अन् मीठ कमी पडलं तर मी तुला तोंडावर सांगंन."